जेवल्याशिवाय दोर धरायचा नाही

तुम्ही त्या तिघांना घरी बसवलंत. डॅरेल, रामीरो आणि टॉबी. नाल्यांची देखभाल करणाऱ्या तुमच्या सरकारी खात्याच्या काचेच्या ऑफिसात हीटर लावून, कॉफीचा मग हातात धरून तुम्ही ठरवलंत, की दिलेलं मशीन बंद ठेवून हातानं काम करणं नियमात बसत नाही. आणि ड्यूटीवर असताना परक्याच्या स्वयंपाकघरात बसून जेवणं तर मुळीच बसत नाही. आवाज तुमचा चढला नसणारच. माणसाला हाकलतानासुद्धा तुम्ही 'हॅव अ गुड वन' म्हणता.

दगड कुणाचा, कुठं चालला होता, मध्येच का अडला, हे तुमच्यातल्या एकानंही धडपणे विचारलं नाही. न विचारता का होईना, आता ऐका.

ट्रॉय शहराच्या उत्तरेला तासाभरावर, मक्या-सोयाबीनच्या शेतांत उल्हासचं घर आहे. माणूस वर्ध्याचा. गाड्यांचे ब्रेक डिझाइन करण्यात त्याची नोकरी सरली. बायको वेझोलू, नागालँडची, चाखेसांग जमातीची. नागपूरला मिशनच्या हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला आली होती, तिथं दोघांचं जमलं. इकडे आल्यावर आधी ट्रॉयमध्येच राहिले. पण एक दिवस वेझोलू खिडकीशी उभी राहून म्हणाली, "इथं सगळ्यांचं गवत सारखंच. मला चिखल पाहिजे." म्हणून हे घर. मागं शेत, शेताच्या खालच्या अंगाला नाला, नाल्यापलीकडे पडीक तुकडा.

इथली जमीन दगड वर ढकलते. थंडीत ती गोठते, फुगते, आणि बर्फ वितळलं की आत गाडलेला दगड वीतभर वर आलेला दिसतो. शेजारचे शेतकरी दर वसंतात शिव्या देत ते वेचतात आणि बांधाला ढीग घालतात. पडीक तुकड्यात असाच एक लांबोडका दगड वर यायला लागला होता. पहिल्या वर्षी त्याची पाठ दिसली, मग खांदे. माणसाहून थोडा उंच असावा. वेझोलू त्याच्यावर बसून मिरच्यांचे देठ खुडायची.

"हा उभा राहील," एकदा म्हणाली.

"उद्या करतो. स्किडस्टियर मशीन भाड्यानं आणतो, तासाभरात उभा."

ती हसली. "मशीननं आणला तर ते पार्सल झालं. दारात टाकलेलं."

तिच्या गावात शेतांच्या वाटेवर असे दगड रांगेनं उभे आहेत. काही कुणालाच आठवत नाहीत इतके जुने, काही अगदी अलीकडचे. आता गावात चर्च आहे, मोबाइलचा टॉवर आहे, तरी दगड ओढतात. ज्या नवराबायकोनं अख्ख्या गावाला पोटभर जेवू घातलं, त्यांच्यासाठी गाव दगड ओढून आणतं. झाडाच्या दुभागलेल्या बेळक्याची घसरगाडी करायची, तिच्यावर दगड बांधायचा आणि सगळ्यांनी दोर धरायचा. जेवल्याशिवाय दोर धरायचा नाही. आणि ज्यांचा दगड, त्यांनी दोराला हात लावायचा नाही. दोघांनी शाली पांघरून पुढं चालायचं, एवढंच त्यांचं काम.

"म्हणजे मी रिकाम्या हातानं चालायचं?" उल्हासनं विचारलं होतं.

"तुझे हात स्वयंपाकात दमलेले असतील."

करू, करू म्हणत राहिले. माणसं कुठून आणायची हा प्रश्न होता. शेजारी लांब, हॉस्पिटलातल्या मैत्रिणी बदल्या होऊन पांगलेल्या, मुलगी सावनी दूर मॉरिसव्हिलला. आणि मार्चमध्ये, बर्फ अजून उतरायचं होतं तेव्हा, वेझोलू गेली. रक्ताचा आजार. कळायला जेवढा वेळ लागला तेवढाच जायला लागला. स्मशानात तिच्या नावाची पितळी पाटी जमिनीच्या पातळीला बसवली आहे. तिथं उभा दगड चालत नाही, कारण गवत कापायचं मशीन सरळ वरून गेलं पाहिजे. उल्हास दर रविवारी जातो आणि पाटीवरचं कापलेलं गवत हातानं झाडतो.

उन्हाळ्यात त्यानं तिच्या भावाला फोन लावला. वेझोखो नाव त्याचं. दोघांचं बोलणं हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत.

"एकट्याला करता येतं का?"

"एकट्याला नाही," वेझोखो म्हणाला. मग तिकडे कुणाशी तरी बोलून आला. "म्हातारे म्हणतात, तिची शाल तुझ्या शालीवर घे. म्हणजे दोघं झालात. घसरगाडी बनवणं, दगड चढवणं घरच्यांनी करायचं. ओढायला मात्र जेवलेली माणसं पाहिजेत, दाजी. ते म्हातारे सोडत नाहीत."

किड्यानं मारलेलं ॲशचं एक झाड बांधावर उभं होतं, फांदी फुटल्यासारखं दुभागलेलं. उल्हासनं ते पाडलं, साल काढली, बेळक्याच्या दोन्ही पायांना खालून गुळगुळीत केलं. मग पहार घेऊन दगडाच्या मागं लागला. एका बाजूनं उचलायचा, खाली लाकूड सरकवायचं, दम खायचा, दुसऱ्या बाजूला जायचं. तळहाताची कातडी निघाली. कमरेत अशी कळ यायची की जमिनीवर पालथं पडून राहावं लागायचं. मुंग्या कानावरून जायच्या. ऑगस्ट असा गेला. सप्टेंबरात दगड बेळक्यावर बसला. घराजवळच्या चढावर, जिथं तिच्या मिरच्यांचे वाफे होते, तिथं त्यानं खड्डा खणला. जमीन गोठायच्या आत दगड त्यात उभा राहायला हवा होता. एकदा गोठली की पार एप्रिलपर्यंत कुदळ ठणठण वाजते, आणि तोवर खड्ड्याच्या कडा ढासळतात.

माणसं म्हणजे ट्रॉयचं मराठी मंडळ. केदार अध्यक्ष, चाळिशीचा, उत्साही. त्याला फोन केला.

"काका, भारी! म्हणजे एकदम ऑथेंटिक. मेनू काय?"

"डुकराचं मटण, भात, मिरचीची चटणी. न खाणाऱ्यांना भोपळा आणि डाळ."

"हे सगळं तुम्ही एकटे करणार?"

"करणार."

"काहीतरीच काय यार काका. थांबा, प्रीताला देतो."

प्रीता त्याची बायको. मार्चमध्ये ट्रॉयहून डबे घेऊन ड्राइव्ह करत यायची. "काका, अजिबात नाही हं! तुम्ही एवढं दमायचं नाही. आपण पॉटलक करू. मी ग्रुपवर टाकते."

"प्रीता, ऐक जरा. यात तेच तर आहे. घालायचं मी, खायचं तुम्ही."

"मग घाला ना! मेन डिश तुमची. बाकीचं आम्ही आणतो. तुम्ही काहीही ऐकवू नका मला."

जिनं डबे आणले तिला 'तू हात हलवत ये' हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही. बरं म्हणाला. इथंच सगळं बिनसलं, पण ते त्याला तेव्हा कळलं नाही.

शनिवार ठरला. आदल्या दिवसापासून उल्हास चुलीशी होता. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल, वर हॉस्पिटलाच्या पिकनिकला वेझोलूनं वापरलेलं मोठं पातेलं. मटण, सुकवलेला बांबूचा कोंब, आंबवलेलं सोयाबीन, तिच्या वाफ्यातल्या शेवटच्या मिरच्या. धुरानं डोळे लाल झाले. अकराच्या सुमारास गाड्या यायला लागल्या आणि प्रत्येक डिकीतून ॲल्युमिनियमचा एकेक ट्रे उतरला. साबुदाणे वडे. मटार पुलाव. कोशिंबीर. पास्ता सॅलड. कॉस्टकोचा केक. टेबल पुरेना, म्हणून कुणीतरी उल्हासचं पातेलं खाली जमिनीवर ठेवलं.

एक बाई झाकण उचलून वाकली. "हे काय आहे हो काका?"

"पोर्क. वेझोलूच्या पद्धतीचं."

"अच्छा... वास जरा स्ट्राँग आहे ना?" झाकण परत बसलं. "नाही, मी खाते हं तशी. पण आज शनिवार."

"माझाही शनिवार," कुणीतरी म्हणालं. बऱ्याच जणांचा निघाला. उरलेले वड्यांनी पोट भरून बसले होते. एक सिद्धेश म्हणून नवा मुलगा, व्हिसावर आलेला, त्यानं दोन तुकडे घेतले, घाम पुसला आणि दही शोधत गेला.

मग सगळे खाली नाल्यापलीकडे गेले. उल्हासनं आपली शाल घेतली. तिच्यावर वेझोलूची काळी-लाल शाल घेतली. ऑक्टोबरचं ऊन होतं, दोन लोकरी शालींत तो उकडून निघाला.

"काका, रेडी? वन, टू—"

"थांबा, फोटो!"

"अरे पोरांना बाजूला घ्या. लायबिलिटी आहे यार."

दोर ताणले. दगड हलेना. मग मागून कुणीतरी घसा फोडून ओरडलं, "गणपती बाप्पा!" आणि सगळ्यांच्या छातीतून एकदम 'मोरया' निघालं, आणि बेळकं करकरत पुढं आलं. गवत सोललं गेलं, खालची काळी माती दिसली. उल्हास पुढं चालत होता. त्याला मागं बघायचं नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. कुणाच्या नावानं का असेना, दगड येत होता.

नाल्यावर मोरी आहे. सिमेंटचा नळा आणि वर गाडीपुरती माती. बेळकं तिच्यावर चढलं आणि डावा पाय कडेवरून घसरून चिखलात रुतला. दगड कलंडला. दोर ढिले पडले. एकाचा घोटा मुरगळला.

"ब्रेक घेऊ," केदार म्हणाला. ब्रेकमध्ये चहा झाला, केक झाला. पोरांचं स्विमिंग होतं. कुणाची एअरपोर्टची पिकअप होती. दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम तर सगळ्यांचीच.

"काका, पुढच्या वीकेंडला नक्की! अर्ध्याच्या वर आणलाय की आपण."

"टीम बिल्डिंगला मस्त आहे हे."

प्रीतानं जाताना फ्रीज उघडून आत डबे रचले. पुलाव, वडे, पास्ता. "टाकून देऊ नका हं. जेवत जा वेळेवर." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं.

गाड्या गेल्या. पातेलं भरलेलंच होतं. जेवू घालणारा उल्हास, आणि आठवडाभर तो त्यांचं जेवला. शिळे वडे गरम करून खाताना घास तोंडात फिरत राहायचा.

वेझोखोचा फोन आला. "किती लोक जेवले?"

"एक. तोही अर्धा."

वेझोखोनं तिकडे कुणाला तरी तो आकडा सांगितला. "मग बाकीच्यांनी ओढला कशाला?"

"मजा म्हणून."

"मजेनं तेवढाच जातो, दाजी."

पुढचा वीकेंड आला नाही. तालीम होती. त्याच्या पुढच्या वीकेंडला पाऊस. पडलेली पानं मोरीशी अडली, पाणी तुंबलं, आणि तुमची गाडी आली.

ऑफिसची बाई तरुण होती, बूट चांगले होते. नाला सरकारी, त्याच्या दोन्ही काठांची पट्टीही सरकारी, तिथं अडथळा चालत नाही. हे तिनं हसून सांगितलं. उल्हास मान हलवत राहिला.

"काळजी करू नका," ती म्हणाली. "आमचं एक्सकॅव्हेटर येतंय नाला साफ करायला. तेच उचलून वर ठेवेल. कुठं हवाय सांगा. फुकट."

"नको."

"सॉरी?"

"मशीन नको. माणसं आली की मी हलवतो."

"कधी?"

उल्हास मोरीशी अडलेली पानं पायानं बाजूला करायला लागला. ती दगडाकडे बघत राहिली. "हे रिलिजस आहे का?"

"नाही."

"मग थडगं?"

"तेही नाही."

"मग काय आहे?"

उल्हासला इंग्रजी येतं. त्यानं त्या भाषेत मोठमोठ्या साहेबांशी भांडणं केली आहेत. पण त्या दिवशी त्याला एक वाक्य जमेना. शेवटी म्हणाला, "लोकांनी जेवण केल्याची खूण आहे."

तिनं 'इंटरेस्टिंग' म्हटलं, मंगळवारी मशीन येईल म्हणून सांगितलं आणि गेली.

रागवायला काही नव्हतंच. हाच तर तुमचा कावा. लाथ मारली असती तर माणूस उलट उभा राहिला असता. तुम्ही मदत केलीत.

सावनीला फोन केला. "बाबा, जस्ट लेट देम डू इट. तुमची बॅक बघा आधी."

"आई म्हणायची, मशीननं आणला की पार्सल."

"आय नो." मग बारीक आवाजात, "आय नो, बाबा. पण मी इथून काय करू?"

सोमवारी संध्याकाळी उल्हास मोरीशी गेला. दोर चिखलात पडला होता. त्यानं तो उचलला, खांद्यावरून घेतला, टाचा रोवल्या. कुणी बघणारं नव्हतं. रस्त्यावरून एक गाडी गेली, पलीकडे मक्याची वाळली ताटं खसखसली. दोर ताणला गेला आणि त्याला एकदम लाज वाटली, जसं काही आपल्याच दुःखाला आपणच खांदा देतोय. त्यानं दोर खाली ठेवला, नीट गुंडाळून.

मग घरी येऊन चूल पेटवली. उरलेलं डुक्कर फ्रीझरमधून काढलं.

मंगळवारी तुमची माणसं आली. डॅरेल मुकादम. साठीला टेकलेला, पोट सुटलेलं, गुडघे गेलेले. रामीरो बुटका, खांदे बैलासारखे. टॉबी उंच आणि सर्दीनं बेजार. गवतावर पांढरं दहिवर गोठलं होतं. मशीन ट्रेलरवरून उतरवेपर्यंत त्यांची बोटं काळीनिळी पडली.

उल्हास दोन शाली पांघरून उभा. "आधी जेवा."

"आम्ही आत्ताच आलोय, मॅन," डॅरेल म्हणाला.

"मग जेवा आणि सुरू करा. गरम आहे."

वास तिथवर आला होता. रामीरोनं नाक वर केलं. "पुएर्को?"

"पोर्क."

रामीरोनं मशीनची चावी काढून खिशात टाकली आणि चालायला लागला. मग बाकीचेही निघाले. बूट दाराशी काढले, हे उल्हासनं सांगितलं नव्हतं. टॉबीचं नाक वाहायला लागलं, डोळे वाहायला लागले, तरी त्यानं ताट पुढं केलं. रामीरोनं मिरचीची चटणी बोटानं चाटली आणि विचारलं, "कुणी शिकवलं?"

"बायकोनं. तिच्यासाठीच तो दगड आहे." आणि मग, तुमच्या बाईपुढं जे जमलं नव्हतं ते सगळं त्यानं सांगितलं. गाव, दोर, शाली, पॉटलक. पॉटलकला डॅरेल खोऽखो हसला, मग हसू गिळलं.

"माझा बाप दर वसंतात आम्हाला दगड वेचायला लावायचा," डॅरेल म्हणाला. "बालपण त्यातच गेलं. फेकून द्यायचे सगळे. एखादा उभा करावा असं कुणाच्या डोक्यात नाही आलं." त्यानं ताट पाण्याखाली धरून स्वतः विसळलं. "आता आम्ही जेवलो, नाही का?"

"हो."

"म्हणजे आता आम्हाला ओढावा लागणार."

"लागणार असं नाही. मी सांगू शकत नाही. ते तुमचं तुम्ही."

मशीन तसंच उभं राहिलं. तिघांनी पहारी लावून रुतलेला पाय चिखलातून वर काढला. खाली फळ्या घातल्या, फळ्यांवर गोल लाकडं. लाकडं मांडायला उल्हासला मनाई नव्हती. मागचं लाकूड मोकळं झालं की तो ते उचलून पुढं आणायचा, मग शाली सावरून परत चालायचा. दोर तिघांच्या छातीवर. टॉबी खोकत होता. रामीरो स्वतःशीच काहीतरी मोजत होता, आणि त्या मोजण्यावर तिघांचे पाय पडत होते. डॅरेलच्या तोंडातून वाफ आणि शिव्या एकदमच निघत होत्या.

दगड मोरी ओलांडून आला. सरकारी पट्टी ओलांडून आला. चढाच्या पायथ्याशी येऊन थांबला, कारण पुढं तिघांचं काम नव्हतं.

"रविवारी," रामीरो म्हणाला. "माझे भाऊ आहेत. चर्चमधली माणसं आहेत. फक्त हे एवढंसं पातेलं पुरणार नाही."

"मोठं आणतो," उल्हास म्हणाला. डॅरेलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो वेझोलूच्या शालीवर पडला. त्यानं तो जरा वेळ तिथंच राहू दिला.

त्यानंतर ते मशीनवर चढले आणि नालाही साफ केला. तुमचं काम बुडालं नाही, हे लक्षात घ्या.

रविवारी उल्हासनं दोन पातेली चढवली. पाटी झाडायला स्मशानात गेला नाही, पहिल्यांदाच. अंगणात शेजारच्या चर्चमधून मागून आणलेल्या खुर्च्या मांडल्या. दुपार टळायला आली तेव्हा रस्त्यावर डॅरेलचा पिकअप दिसला. शेजारी रामीरो होता, मागच्या सीटवर माणसं दिसत होती. फाटकाशी गाडीचा वेग मंदावला. डॅरेलनं स्टिअरिंगवरून हात उचलला, तसाच हवेत धरला. गाडी थांबली नाही.

सोमवारी उल्हास तुमच्या काचेच्या खिडकीशी आला. तुम्ही सांगितलंत की चौकशी चालू आहे, तिघं घरी आहेत, आणि ती संपेपर्यंत त्यांनी त्या जागेकडे फिरकायचं नाही. कधी संपेल, सांगता येत नाही. फोन नंबर देता येत नाही. 'हॅव अ गुड वन.'

अन्न वाया गेलं. वाया गेलं म्हणजे पातेल्यात राहिलं. टाकायला त्याचा हात धजला नाही. पहिलं बर्फ भुरभुरून गेलं. दगड चढाच्या पायथ्याशी बेळक्यावर उताणा पडला आहे. उल्हास रोज सकाळी जातो, त्याच्यावरचं बर्फ तळहातानं झाडतो, कुदळ मारून जमीन बघतो आणि परत येतो. घरात कुणी बोलायला नाही. खुर्च्या अजून अंगणात आहेत.

पंचवीस माणसं आली आणि न जेवता गेली, त्यांना कुणी काही विचारलं नाही. तीन माणसं जेवली आणि जेवल्याला जागली, त्यांची चौकशी. तर आता चौकशी तुमची. त्या तिघांना घरी बसवलंत ते जेवले म्हणून, की ओढलं म्हणून? आणि मशीनशिवाय एका माणसानं दुसऱ्यासाठी काही उचललं, तर तुमचं नेमकं काय बिघडतं?

रविवारी त्यांना त्या फाटकातून आत येऊ देणार की नाही, तेवढं सांगा. खड्डा अजून उघडा आहे. जमीन गोठायच्या आत सांगा.